सायरन झाला की चालायचं

गुरुवार, ५ जून २०२५

आदरणीय पप्पा,

जय भीम. मी इकडं नीट पोचले. तुमचा गुडघा कसा आहे? गॅस संपला असेल तर भरलेली टाकी शेजारी अंबुबाईंच्या दाराआड आहे, आपल्याकडं जागा नव्हती म्हणून तिथं ठेवली. त्यांच्याकडं मागायला लाजू नका. हे मी तुम्हाला सांगतेय म्हणजे बघा.

काल व्हिडिओ कॉलवर आपण दोघं एकमेकांकडं नुसतं बघत बसलो. तुम्ही म्हणलात, जेवलीस का. मी म्हणलं, हो. तुम्ही म्हणलात, बरं. मग तुमचा अर्धा कान आणि मागचं कॅलेंडर दिसत राहिलं. फोन ठेवल्यावर माझ्या खोलीतली स्वरूपा म्हणली, "तुम्ही बापलेक फोनवर बोलता का फोटो काढता?" ती साताऱ्याची आहे. तोंडाला दम म्हणून नाही. पण चांगली आहे.

म्हणून लिहितेय. आपलं डब्यातल्या चिठ्ठीचंच बरं असतं. तुमची शिफ्ट आत जाताना माझी बाहेर येते, गेटवर चावी घेता-देता होते तेवढीच भेट, त्यात बोलायचं तरी काय. चिठ्ठीत कसं, पाणी आलं होतं, पिंप भरलंय. आमटीत मीठ जास्त. लाईटचा माणूस येऊन गेला. एवढ्यात आपलं भागतं. पण ही चिठ्ठी मोठी होणार असं दिसतंय. भाकरीखाली बसायची नाही. सोमवारी आल्यावर डब्याच्या पिशवीत वेगळी घालीन.

हे ऑस्ट्रियातलं एक लहान गाव आहे. नाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही. आपण काळेवाडीला मावशीकडं जाताना जेवढी घरं लागतात तेवढं पण नाही. घरांच्या खिडक्यांत फुलं आणि घराच्या मागं लगेच गोठा. शेणाचा वास आला तेव्हा मला एकदम बरं वाटलं. गाईंच्या गळ्यात घंटा असतात, आपल्या डब्याएवढ्या. पहिल्या दिवशी मला सारखं वाटत होतं की कानात काहीतरी कमी आहे. मग कळलं, हायवे नाही. आपल्याकडं घोराडेश्वरच्या अगदी वर लेण्यांपाशी बसलं तरी खालून ट्रकचा आवाज येतो ना, तसं इथं काही नाहीच.

डोंगर लय मोठे आहेत. आपला घोराडेश्वर यांच्या पहिल्या वळणापर्यंत पण येणार नाही. वर बर्फ आहे, पण आमची डोंगरावर पळायची शर्यत तिथपर्यंत नाही. आमचा जूनियर मुलींचा रस्ता गावातून सुरू होतो, गवतातून वर, मग झाडीतून, मग परत गवत, आणि वर एक लाकडी घर आहे तिथं संपतो. उतार नाही. फक्त चढायचं. काल आमच्या कोचनी, ज्योतीराम सरांनी, सगळा रस्ता चालत दाखवला. सर अजून पण सगळ्यांना तीच गोष्ट सांगतात. काल त्यांनी नेपाळच्या कोचला हिंदीत सांगितली. "ये लडकी को मैंने टेकडी पे देखा. नाम पूछा तो भाग गयी. मैं पीछे भागा, मिली नहीं. वहीं सिलेक्शन हो गया." सगळे हसले. मी बूट बांधत बसले. बांधलेलेच होते.

पण सरांना खरी गोष्ट माहीत नाही. त्यांना वाटतं मला पळायची हौस होती. गुरुवारी सुट्टीला आपण घोराडेश्वरला जायचो ना, आई गेल्यावर, तेव्हा तुमच्याबरोबर चालताना काय बोलावं मला कळायचं नाही. तुम्हाला पण कळत नव्हतं. म्हणून मी पुढं पळायचे. वर पोचून परत खाली यायचे, तुम्ही अर्ध्यात असायचात, मग परत वर. तुम्ही एकदा चढायचात तेवढ्यात माझं तीनदा व्हायचं. दरवेळी तुमच्या शेजारून जाताना तुम्ही म्हणायचात, हळू. बस्स. मला तेवढं पुरायचं.

ड्रेस मिळाला. पाठीवर इंडिया लिहिलंय. मी घालून आरशात बघितलं, मग लगेच वरून जॅकेट घातलं. स्वरूपाने फोटो काढलाय, दाखवीन.

अजून एक आहे. स्वरूपाला शर्यतीनंतर कॅम्पला जायचंय. उत्तराखंडात डोंगरात कॅम्प असतो, वर्षभर तिथंच राहायचं, खाणंपिणं सगळं तिकडचं. सर म्हणलेत, इथं जी निम्म्याच्या आत येईल तिचं नाव मी देणार. स्वरूपा रोज त्याचंच बोलते. मला काय, मी असंच सांगितलं.

बाहेर अजून ऊन आहे, आणि इथले लोक रात्रीचं जेवण जेवतायत. मला पण हाक मारली.

मिनल

शनिवार, ७ जून

आदरणीय पप्पा,

जय भीम. झाली शर्यत. मी निम्म्याच्या आत आले. अगदी काठावर, पण आत. सरांनी यादी दोनदा बघितली. स्वरूपा माझ्या बरीच पुढं आली. ती वर पोचल्यावर गवतात आडवी पडली होती, मी आले तर पडल्या पडल्याच ओरडली, "अगं कुठं होतीस, मी म्हणलं परत खाली गेली काय तुमच्या टेकडीसारखी!"

हवा चांगली होती. चढ चांगला होता. सुरुवातीला सगळ्या मुली एकदम सुटल्या, मी मागं राहिले, सरांनी तसंच सांगितलं होतं. झाडीत मुळं होती, पाय नीट पडले. मध्ये जरा पोटात कळ आली म्हणून थोडं चालले. विशेष काही नाही. मग परत पळाले.

वर पोचल्यावर एका माणसाने गळ्यात लाकडाचं पदक घातलं, सगळ्यांनाच घालत होते. त्यावर गाय आहे. मला लय आवडलं. तुमच्या हेल्मेटच्या खिळ्याला अडकवू.

संध्याकाळी सगळ्यांना जेवण होतं. मोठमोठे केक होते, क्रीमचे, वर लाल फळं. सरांनी मला फक्त भात आणि दही आणून दिलं, पोट दुखत होतं म्हणून. आणि एक कसला तरी कडू चहा. स्वरूपाने तीन तुकडे खाल्ले, माझ्यासमोर.

जेवताना सर म्हणले, "पोरी, नाव देऊ ना कॅम्पला?" मी म्हणलं, पप्पांना विचारून सांगते. सर म्हणले, "मग लाव की फोन." मी म्हणलं, पप्पा शिफ्टमध्ये आहेत. ते खरंच होतं. पण तुम्ही घरी असतात तरी मी हेच म्हणले असते.

बुधवारपर्यंत सांगायचंय.

दमलेय. झोपते.

मिनल

रविवार, ८ जून. विमानतळावर, पुढच्या विमानाला वेळ आहे.

पप्पा,

कालच्या चिठ्ठीत मी एक खोटं लिहिलं. फाडून टाकणार होते. मग म्हणलं राहू दे, पण खरं पण लिहिते.

माझ्या पोटात कळ आली नव्हती.

तुम्हाला माझा कंपनीतला पहिला आठवडा आठवतो का? पॅकिंगला होते, सुमनताईंच्या हाताखाली. मला कोणी सांगितलं नव्हतं की त्या दिवशी शिफ्ट बदलताना, दोन्ही शिफ्ट आत असताना, आगीचं मॉक ड्रिल आहे. एकदम सायरन झाला. मी हातातली टेप टाकली आणि दाराकडं पळत सुटले. तुम्ही ड्रिल घेणाऱ्याचं लाल हेल्मेट घालून शॉपच्या मध्यात उभे होतात. तुम्ही ओरडलात, "ए पिवळी टोपी! पळायचं नाही! चालायचं!" सगळा शॉप हलला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दुसऱ्या कोणी ओरडलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी कामावर आले नसते, शाळेत केलं तसं. पण मी बघतच राहिले. तुमचा एवढा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. घरात तर अंबुबाईंची मांजर पण तुम्हाला घाबरत नाही.

सुमनताईंना मी विचारलं, हे रोज असे असतात का. त्या म्हणल्या, "तुझा बाप? वर्षातनं दोनदा बोलतो, पण त्या दिवशी म्यानेजर पण रांगेत उभा राहतो बघ."

नंतर मला सगळं पाठ झालं. सायरन झाला की हातातलं टाकायचं. पळायचं नाही, चालायचं. कडेने. दुसऱ्याला ढकलायचं नाही. मोकळ्या जागेत जाऊन रांगेत उभं राहायचं आणि मोजल्याशिवाय हलायचं नाही. तुम्ही बोट दाखवत एक एक माणूस मोजत येता. तुमच्या लाईनवरचा सनीभाऊ दरवेळी म्हणतो, "बुद्धरत्न भाऊ, आज आवाज घरी तर नाय ना विसरला?" तुम्ही हसत नाही, मोजत राहता. मी शेवटी उभी राहते. माझ्यावर बोट आलं की ते जरासं जास्त थांबतं. बाकी कोणाला कळत नाही. मला कळतं. मग तुम्ही म्हणता, "ऑल क्लिअर!" आणि सगळे सुटतात.

मला वर्षातले ते दोन दिवस लय आवडतात, पप्पा. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आता शर्यतीचं.

झाडीतून बाहेर आले तेव्हा मी चांगली होते. पुढच्या मुली दिसत होत्या, एक एक करून जवळ येत होत्या. दम नीट होता. गवताचा चढ, पायाखाली मऊ, पुढं कुंपण, कुंपणाला काही माणसं टेकून उभी, टाळ्या वाजवत होती. मी मनात म्हणत होते, हळू. तुमच्या आवाजात.

आणि खाली गावात सायरन झाला.

पप्पा, अगदी आपल्यासारखा. तसाच खालून वर चढत गेला आणि तिथंच ओरडत राहिला. डोंगरामुळं चारी बाजूने यायला लागला.

मी चालायला लागले.

मी ठरवलं नाही. पाय आपोआप चालायला लागले. कडेला झाले. मागची मुलगी माझ्याकडं बघत पुढं गेली, मग अजून दोघी गेल्या. मला एवढंच दिसत होतं की ह्या पळतायत आणि पळायचं नाही. मला वाटलं आता कोणीतरी ओरडणार यांच्यावर. मी इकडं तिकडं लाल हेल्मेट शोधलं. नव्हतं. मोकळी जागा म्हणजे कुंपणापाशी होती, माणसं रांगेत उभी होतीच, मग मी गेले आणि रांगेच्या शेवटी उभी राहिले. सरळ. हात खाली.

शर्यतीच्या मधोमध, पप्पा. छातीवर नंबर लावून.

माझ्या शेजारी एक आजी होती, डोक्याला रुमाल, हातात गाईची घंटा, आम्हाला बघून वाजवायला आणलेली. तिने माझ्याकडं बघितलं. मग माझ्या नंबरकडं. मग परत तोंडाकडं. घंटा वाजवायची थांबली. काहीतरी विचारलं मला, तिच्या भाषेत. मी पुढं बघत उभी. मी मोजायची वाट बघत होते.

सायरन बंद झाला. बाकी कोणी जागचं हललं नव्हतं. गाई चरत होत्या. एक बाबा तर डबा उघडून खात होते. तेव्हा मला कळलं की इथं काही झालेलं नाही. आणि दुसरं पण कळलं, की इथं मला मोजायला कोणी नाही. तुम्ही तिकडं चाकणला, लाईनवर, पाच-सहा देश मध्ये. मी कितीही सरळ उभी राहिले तरी तुमचं बोट माझ्यावर येणार नव्हतं.

मला रडू येईल असं वाटलं. पण त्या आजीने घंटा काखेत मारली, माझ्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि मला ढकललं. अंबुबाई दारातली शेळी हाकलतात ना, तसंच. वर असंच काहीतरी ओरडली पण. मला हसूच आलं. हसत हसत पळाले. हसताना दम जातो, सर सांगतात. माझा आला. ज्या मला सोडून गेल्या होत्या त्यातल्या बऱ्याच मी गाठल्या. शेवटच्या चढाला एक उंच मुलगी होती, लाल वेणीची, तिला मी अगदी दाराशी मागं टाकलं. तीच ती काठावरची. तिच्यामुळं मी निम्म्याच्या आत आले.

वर सर उभे होते. "मध्ये कुठं गेलीस? काय झालं?" सांगितलं असतं तर ते हसले असते, मग तुमच्याबद्दल विचारलं असतं, की बापाने असलं काय शिकवलं. तुमच्यावर कोणी हसलेलं मला चालत नाही. सनीभाऊचं वेगळं. म्हणून मी म्हणलं, पोटात कळ आली. मग सुरू झालं. सरांनी डॉक्टरीणबाईंकडं नेलं, त्यांनी पोट दाबून बघितलं, मला गुदगुल्या झाल्या. मग भात. मग तो कडू चहा. आज सकाळी नाश्त्याला पण मला भातच. स्वरूपा म्हणली, "तुझ्या पोटाला झालंय काय ते तरी सांग, मी घरी नेऊन आमच्या म्हशीला विचारते."

आज बसमध्ये मी स्वरूपाला खरं सांगितलं. तिच्या कानात. तिने सगळ्या बसला सांगितलं.

पप्पा, सर हसले. लय हसले. डोळे पुसले. मी खिडकीकडं तोंड केलं. बसच्या ड्रायव्हरला कोणीतरी इंग्लिशमध्ये सांगितलं, तो पण हसला, मग तो म्हणला की इथं दर शनिवारी बारा वाजता सायरन वाजवून बघतात, चालू आहे का बंद पडलाय ते. एवढंच होतं. त्यांच्याकडं त्या वेळी लोक घड्याळ लावतात.

मग सर माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणले, "मिनल, मी पलटणीत होतो. सायरनला न पळणारा माणूस तयार करायला आम्हाला वर्ष लागायचं. तुझ्या बापाला भेटायचंय मला एकदा." मी म्हणलं, ते बोलत नाहीत. सर म्हणले, "चालेल. मी पण बसेन गप." मग जाताना वळून म्हणले, "आणि कॅम्पचं बुधवारपर्यंत. विसरू नको."

मी विसरले नाही. मी ते सोडून बाकी सगळं लिहितेय, हे मला कळतंय.

मला जायचंय, पप्पा.

पहिल्या चिठ्ठीत मी स्वरूपाचं म्हणून लिहिलं, ते माझंच होतं. सरांनी आम्हाला दोघींना एकदमच विचारलं होतं. ती लगेच हो म्हणली. मी बूट बघत बसले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मी पण तेच बघत असते, तो डोंगर, सकाळची थंडी, रोज पळायचं, शिफ्ट नाही. तिकडं बाहेरून दहावीला बसवतात असं पण सर म्हणले. त्याचं मी आत्ता काही कबूल करत नाही. पळायचं मात्र करते.

मग मला घर दिसतं. तुम्ही रात्री शिफ्टवरून येता, कडी काढता, आणि आत अंधार. ओट्यावर डबा नाही. आई गेल्यावर तुम्ही मला एकदा पण म्हणला नाहीत की घर सांभाळ. शाळा सोडू नको असं पण ओरडला नाहीत. फॉर्म आणून टेबलावर ठेवलात, परत उचलून कपाटात ठेवलात, आणि दुसऱ्या दिवशी परत टेबलावर. मी जे केलं ते तुम्ही करू दिलंत. त्यामुळं मला कधी कळलंच नाही की तुम्हाला काय पाहिजे. मी विचारलं पण नाही. आपण दोघं असेच.

सुमनताईंना मी निघायच्या आधी म्हणलं होतं, मी गेले तर पप्पांच्या डब्याचं काय. त्या म्हणल्या, "अगं त्या माणसाला भाकरी करता येते. तुझी आई बाळंतपणाला गेली होती तेव्हा तीन महिने त्यानंच केल्या होत्या, लाईनवर सगळ्यांना वाटायचा. तू करतीस म्हणून गप खातो." हे खरं आहे का? आणि आमटीत मीठ जास्त असं लिहायचात, ते सगळं येत असताना? मला राग आला होता. मग हसू आलं.

तर असं आहे. उद्या सकाळी मी घरी येईन तेव्हा तुम्ही घरीच असाल. तुम्ही विचाराल, जेवलीस का. मी म्हणेन, हो. तुम्ही म्हणाल, बरं. तेव्हा कॅम्पचं काही काढू नका, कारण तुम्हाला काही माहीतच नसेल. मी तुमचा डबा करीन, त्यात हे सगळं घालीन. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत वाचाल. कोपऱ्यात बसून वाचा, सनीभाऊ मागून डोकावतो.

मंगळवारी माझी फर्स्ट शिफ्ट आहे. सुटल्यावर गेटवर तुम्ही भेटाल, चावी द्यायला.

जाऊ नको असं असेल तर नुसती चावी द्या. मी समजेन. रुसणार नाही, खरंच. बुधवारी सरांना सांगीन आणि गुरुवारी आपण घोराडेश्वरला जाऊ, आणि यावेळी मी तुमच्याबरोबर चालीन, पुढं पळणार नाही. बोलायला आता आपल्याकडं बरंच आहे.

आणि जा असं असेल तर चिठ्ठी लिहू नका. हे एक चिठ्ठीत नको. मी गेटवरच्या रांगेच्या शेवटी उभी असेन, पिवळी टोपी घालून. माझ्याकडं बोट करा, मला मोजा, आणि ते दोन शब्द म्हणा. घरातल्या आवाजात नाही, ड्रिलच्या आवाजात. आत जाणाऱ्या शिफ्टला ऐकू जाऊ दे, बाहेर येणाऱ्या शिफ्टला ऐकू जाऊ दे, वॉचमनला, बसच्या ड्रायव्हरला, सगळ्यांना. मी लाजून मरेन. तरी म्हणा.

त्या डोंगरावर मला कोणी मोजलं नाही, तरी मी पळाले. पण अर्धवट वाटलं.

आमचं विमान बोर्डावर आलं. स्वरूपा हाका मारतेय. मला तिच्याकडून केकचा एक तुकडा मिळाला शेवटी, रुमालात बांधून आणला होता तिने. अर्धा तुमच्यासाठी ठेवलाय. या चिठ्ठीबरोबरच पिशवीत असेल, क्रीम लागलं तर पुसून वाचा.

मोजल्याशिवाय न हलणारी,
तुमची
मिनल